कळ कमी झाली का, हे आधी मोजा

औषधांना न जुमानणाऱ्या छातीतल्या दुखण्यावर शरीरात बसवायचं उपकरण, मुख्यतः रिड्यूसर नावाची हृदयाच्या नीलेतली जाळी, सरकारी खर्चाने द्यावं की नाही, यावर आपल्याकडे जो वाद चालतो तो ऐकून मन खट्टू होतं. एक बाजू म्हणते, जगात उपचार आहे ना, मग गोव्यातल्या गरिबाला तो का मिळू नये? दुसरी बाजू म्हणते, हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे, रुग्णाला नुसता बरं वाटल्याचा भास होतो. त्यापेक्षा तो पैसा सत्तरी-काणकोणसारख्या दूरच्या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांवर घाला. पहिल्यांना पुराव्याची फिकीर नाही, दुसऱ्यांना रुग्ण दिसत नाही. माझं म्हणणं असं की हा उपचार सरकारने जरूर द्यावा, पण फक्त बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, आणि तोही या दुखण्यासाठीच्या स्वतंत्र ओपीडीतून. उपकरण बसवण्याआधी दुखणं मोजावं, बसवल्यावर पुन्हा मोजावं, आणि तो हिशेब लोकांसमोर ठेवावा. विमा योजनेच्या यादीत आणखी एक पॅकेज घालून सगळ्या इस्पितळांना रान मोकळं करून देणं मात्र घातक ठरेल.

आधी हा रुग्ण कोण ते पाहू. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडतं आणि छातीत कळ येते. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली या दुखण्याचं वर्णन केलं, ते आजही तंतोतंत लागू पडतं: चालताना येतं, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, आणि थांबलं की जातं. बहुतेकांना गोळ्या, स्टेंट किंवा बायपासने आराम पडतो. थोड्यांना पडत नाही. त्यांची बायपास होऊन वर्षं लोटलेली असतात, जोडलेल्या वाहिन्या पुन्हा बंद झालेल्या असतात, मूळच्या वाहिन्या इतक्या बारीक आणि लांबवर खराब झालेल्या असतात की स्टेंट घालायला जागा नसते. सर्जन नको म्हणतात. पूर्ण मात्रेत औषधं चालू असूनही तीन महिन्यांहून जास्त काळ कळ येतच राहिली, तर अशा दुखण्याला रिफ्रॅक्टरी अँजायना म्हणतात.

डिचोली तालुक्यातले माझे एक मामा असे जगले. कळ आली की जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटची पट्टी ते कात्रीने एकेक गोळी सुटी करून खिशात ठेवायचे, कारण कळ आली की थरथरत्या बोटांना अख्खी पट्टी उलगडत नसे. सदरा घालताना हात वर नेले तरी छाती भरून यायची. रात्री ते अर्धंच जेवायचे. पोटभर जेवलं तर ताटावरून खाटेपर्यंत चालणं जमत नसे. देवळाच्या पायऱ्या सुटल्या, मग जत्रा सुटली, मग शेजारच्या घरी जाणंही सुटलं. तपासणीत मात्र ईसीजीत नवा बदल नसायचा, इको पूर्वीसारखाच, म्हणून पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची. गोव्यात ज्येष्ठांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त आहे, आणि कितीतरी घरांत मुलं आखातात किंवा युरोपात असल्याने म्हातारी माणसं एकटीच राहतात. अशा घरात बाजारापर्यंत चालता येणं हीच स्वावलंबनाची शेवटची खूण असते.

आता उपकरण. सध्या ज्याची चर्चा आहे तो कोरोनरी सायनस रिड्यूसर म्हणजे स्टीलची डमरूच्या आकाराची जाळी. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये जेमतेम ३ मिलीमीटर. गळ्याजवळच्या शिरेतून कॅथेटर घालून ती हृदयाच्या मुख्य नीलेत बसवतात. हृदयस्नायूला रक्त देऊन झाल्यावर परत निघालेलं रक्त जिथून बाहेर पडतं, ती ही नीला. छाती उघडावी लागत नाही. दीड-दोन महिन्यांत जाळीवर पेशींचा थर चढतो, तिची भोकं बुजतात, आणि रक्ताला मधल्या अरुंद वाटेनेच जावं लागतं. त्यामुळे मागे दाब वाढतो. रक्ताची वाट मुद्दाम अरुंद करून आराम कसा पडेल, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे. त्यामागचा विचार असा: निरोगी हृदय श्रमाच्या वेळी बाहेरच्या थराकडचं रक्त थोडं आवरून आतल्या थराकडे वळवतं, कारण आतल्या थरावर ताण जास्त असतो. आजारी हृदयात ही सोय बिघडते. नीलेतला दाब वाढला की आतल्या थरातल्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि रक्त पुन्हा तिकडे वळतं. कल्पना नवी नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडचे सर्जन क्लॉड बेक यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच छाती उघडून हीच नीला दोऱ्याने अरुंद करण्याचं ऑपरेशन केलं होतं.

याने आयुष्य वाढतं का, हा विरोधकांचा सर्वांत आवडता प्रश्न. वाढतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून हा उपचार दुय्यम, चैनीचा, असं ते ठरवून टाकतात. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन आयुष्य वाढवण्यासाठी करतात का? गुडघा बदलतात तो माणूस दोन वर्षं जास्त जगावा म्हणून? सरकार या दोन्हींवर खर्च करतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. म्हाताऱ्या बाईला दिसावं, चालता यावं, एवढं कारण आपल्याला पुरतं. हृदयाचं नाव निघालं की मात्र आपण एकदम जीव वाचण्याची भाषा बोलू लागतो आणि जगण्याचं विसरतो. वेदना कमी होणं हे उपचाराचं पुरेसं उद्दिष्ट आहे, एवढं मान्य केल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही. आणि ते मान्य केलं की खरा प्रश्न उरतो तो हा, की वेदना खरोखर या उपकरणामुळे कमी होते का.

इथे विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. छातीतली कळ अपेक्षेने कमी होते. इतर कुठल्याही दुखण्यापेक्षा याचा इतिहास इथे फार बोलका आहे. १९३९ साली इटलीतल्या एका सर्जनने छातीच्या आतल्या बाजूची धमनी बांधून टाकण्याचं ऑपरेशन सुचवलं. ती बांधली की रक्त हृदयाकडे वळेल, असा तर्क. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत हे ऑपरेशन लोकप्रिय झालं, रुग्ण बरे वाटल्याचं सांगू लागले. मग १९५९ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी १७ रुग्णांवर चाचणी घेतली. काहींची धमनी बांधली, उरलेल्यांच्या त्वचेवर फक्त छेद दिला. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीने तेच दाखवलं आणि ते ऑपरेशन इतिहासजमा झालं. नव्वदच्या दशकात लेझरने हृदयस्नायूला भोकं पाडण्याचा उपचार आला, त्याचीही खोट्या उपचाराशी तुलना झाली तेव्हा हीच गत झाली.

गोमंतकीयांना हे नवं वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला ज्याचा पुतळा आहे, तो १७५६ साली कांदोळीत जन्मलेला संमोहनाचा अभ्यासक आबे फारिया नेमकं हेच सांगत होता. मेस्मर नावाचा वैद्य अदृश्य चुंबकीय द्रवाने रोग बरे करतो म्हणून पॅरिस वेडं झालं होतं. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधून प्रयोग केले, आणि उपचार होतोय हे ज्याला कळत नव्हतं त्याच्यावर परिणाम होत नव्हता. समितीने द्रवाचा दावा निकालात काढला. फारियाने पुढे, १८१३ पासूनच्या पॅरिसमधल्या व्याख्यानांत, त्यापलीकडचं सांगितलं: परिणाम खरा असतो, पण त्याची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते. मला वाटतं, आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंनी त्या पुतळ्याखाली थोडा वेळ उभं राहावं. रुग्णाला आराम पडला म्हणून उपकरण सिद्ध होत नाही. आणि अपेक्षेने मिळालेला आराम खोटा म्हणून त्या माणसाला हिणवायचंही कारण नाही. फक्त तेवढ्यासाठी हृदयात धातू बसवायची गरज नसते.

मग रिड्यूसर त्या कसोटीला उतरतो का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कोसिरा चाचणीत १०४ रुग्ण होते. निम्म्यांना उपकरण बसवलं, निम्म्यांवर नुसता देखावा केला, आणि कोण कुठल्या गटात हे रुग्णांना सांगितलं नाही. दुखण्याच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या मानतात. सहा महिन्यांनी उपकरणाच्या गटात ३५ टक्के रुग्ण किमान दोन पायऱ्या खाली उतरले, देखाव्याच्या गटात १५ टक्के. किमान एक पायरी सुधारलेले ७१ आणि ४२ टक्के. या ४२ टक्क्यांकडे नीट पाहा: काहीही न बसवता शंभरातल्या बेचाळीस जणांना बरं वाटलं. विरोधक हाच आकडा नाचवतात आणि तिथेच थांबतात. पण त्याच्या शेजारी ७१ आहे. दोन पायऱ्यांचा हिशेब केला तर शंभरामागे वीस माणसं अशी, ज्यांचा आराम अपेक्षेच्या खात्यात टाकता येत नाही; म्हणजे पाच जणांना उपकरण बसवावं तेव्हा एकाला अपेक्षेपलीकडचा मोठा फरक. पाचात एक हा चमत्कार नव्हे, पण जो घरातल्या घरात अडकून पडलाय त्याच्यासाठी तो नगण्यही नाही.

याच्या विरुद्धचा पुरावाही टेबलावर हवा. कोसिरात व्यायामाच्या वेळेतला फरक निर्णायक ठरला नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सुरक्षिततेच्या बाजूने १४ विरुद्ध ४ असा कौल दिला, पण परिणामकारकतेवर १७ जण विरोधात आणि फक्त एक बाजूने. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही या उपकरणाला विचार करता येईल, इतपतच जागा आहे. मग २०२४ मध्ये ब्रिटनमधली ऑर्बिटा-कॉस्मिक ही चाचणी आली. तिच्यात ५१ रुग्ण होते, आणि ते रोज किती वेळा कळ आली याची फोनवर नोंद करत होते. हृदयस्नायूला मिळणारं रक्त वाढावं हे तिचं मुख्य लक्ष्य होतं, ते साधलं नाही. दोघांत उपकरण जागेवरून निसटलं. पण रोजच्या कळा देखाव्याच्या गटापेक्षा कमी झाल्या, आणि तो फरक योगायोगाचा असण्याची शक्यता फार थोडी होती.

रक्तप्रवाह वाढलाच नाही, मग कळ कमी झाल्याला काय अर्थ, असं एक डॉक्टरमित्र मला म्हणाले. हा आक्षेप वजनदार वाटतो, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. नायट्रोग्लिसरीन छातीच्या कळेवर चालतं, हे विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये लिहिलं. ते शरीरात नेमकं काय करतं याचा उलगडा व्हायला जवळपास शंभर वर्षं गेली, आणि त्या संशोधनाला नोबेल मिळालं १९९८ साली. मधल्या काळात ज्यांनी जिभेखाली गोळी ठेवली त्यांचा आराम खोटा होता का? उलट, धमनी बांधण्याच्या ऑपरेशनमागचा तर्क कागदावर अगदी चोख होता, आणि ते फुकट गेलं. उपचार कसा चालतो याची गोष्ट पटण्याजोगी असणं, यावरून तो चालतो की नाही ते ठरत नाही. डोळे बांधून केलेली तुलना ते ठरवते. आणि हीच कसोटी लावायची तर सगळीकडे लावा. २०१७ च्या ऑर्बिटा चाचणीत, भरपूर औषधं चालू असलेल्या २०० रुग्णांत स्टेंट आणि देखावा यांच्यात व्यायामाच्या वेळेचा लक्षणीय फरक दिसला नाही. कळ थांबवायला स्टेंट उपयोगी पडतो हे खोट्या उपचाराशी तुलना करून दाखवलं गेलं ते २०२३ मध्ये, औषधं बंद ठेवलेल्या ३०१ रुग्णांवर. तोवर आपण किती स्टेंट घातले? तेव्हा पुराव्याचा आग्रह कुठे होता?

मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या वाटेवर काम करणारं दुसरं उपकरण, मणक्यातल्या मज्जारज्जूला सौम्य वीज देणारं, मी याच रांगेत बसवणार नाही. पाठीच्या कण्यात तार आणि त्वचेखाली बॅटरी, अशी त्याची रचना. १९९८ साली स्वीडनमध्ये १०४ रुग्णांत त्याची बायपासशी तुलना झाली आणि लक्षणांत दोन्ही गट सारखेच सुधारले, हे खरं. पण वीज चालू असली की छातीत मुंग्या येतात, रुग्णाला ते कळतं, म्हणजे डोळे बांधणंच अवघड. जास्त आणि कमी विजेची तुलना करणारी अमेरिकेतली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने मध्येच थांबली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत फरक दिसला नाही. तार सरकते, जंतुसंसर्ग होतो, बॅटरी संपते. त्यावर आज सरकारी पैसा घालू नये.

आता पैशाचा मुद्दा. गोव्यात स्टेमी प्रकल्पाने लहान आरोग्य केंद्रांतून ईसीजी पाठवून हार्ट अटॅकच्या रुग्णाला तिथल्या तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची सोय केली. त्यात कपात करून रिड्यूसर घ्या असं कुणी म्हटलं, तर मी सर्वांत आधी विरोध करीन. पण त्या इंजेक्शनाने वाचलेला माणूस पुढे दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि अशांतलेच काही जण शेवटी या न थांबणाऱ्या कळेपाशी येऊन पोचतात. ज्या यंत्रणेने त्याला वाचवलं तिने या टप्प्यावर त्याच्याकडे पाठ फिरवायची का? पात्र रुग्ण थोडेच निघतील. खर्च फुगण्याची भीती आहे ती दुसरीकडून. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या विमा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. ते साऱ्या घराचं मिळून असतं. आजोबांच्या एका उपकरणात त्यातला मोठा वाटा गेला, तर त्या वर्षी नातवाच्या अपघाताला काय उरणार? शिवाय पॅकेज आलं की रुग्णही आपोआप सापडू लागतात. स्टेंटचं काय झालं ते आठवा. लाखाच्या वर विकल्या जाणाऱ्या औषधी स्टेंटची किंमत केंद्राने २०१७ च्या फेब्रुवारीत २९,६०० रुपयांवर बांधली, पण तोवर किती घरांचे दागिने सोनाराकडे गेले होते. यावेळी आधी दर ठरवा, मग खरेदी करा.

ओपीडीचा आग्रह मी धरतो तो याचसाठी. सगळं केलं, आता काही उरलं नाही, असं सांगून ज्यांना घरी पाठवतात, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत सगळं झालेलं नसतं. कुणाची बीटा-ब्लॉकर या औषधाची मात्रा अर्ध्यावर थांबलेली असते, कुणाला रॅनोलाझिन किंवा निकोरँडिल ही कळेवरची औषधं कधी दिलेलीच नसतात. कुणाचं हिमोग्लोबिन कमी असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं, आणि कुणाची कळ हृदयाची नसून अन्ननलिकेची असते. हे तपासल्याशिवाय गळ्याच्या शिरेत कॅथेटर घालणं गैर आहे. रक्त खरोखर कमी पडतंय आणि ते हृदयाच्या डाव्या बाजूला पडतंय, हे स्कॅनवर दिसायला हवं. फक्त उजव्या धमनीच्या भागातलं दुखणं असेल तर उपयोगाची आशा कमी, कारण तिथलं रक्त बरंचसं दुसऱ्या वाटांनी परततं. ज्यांच्या त्या नीलेत पेसमेकरची तार आहे त्यांना हे बसवता येत नाही. आणि मग रुग्णाच्या हाती वही द्यावी: महिनाभर रोज किती कळा, किती गोळ्या, किती चालणं. उपकरण बसवल्यावर दोन महिन्यांनी तीच वही, सहा महिन्यांनी पुन्हा तीच. ज्या गोमेकॉची परंपरा १८४२ सालापर्यंत मागे जाते, त्याला एवढी नोंद ठेवणं जड जाऊ नये.

संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी रुग्णाला मराठीत किंवा कोकणीत हे आकडे सांगायला हवेत: पस्तीस आणि पंधरा, एकाहत्तर आणि बेचाळीस, आणि गुण येणार असेल तर तो दोन महिन्यांनी येईल हेही. याचा अर्थ, काहींना उपकरण बसवूनही फरक पडणार नाही. त्यांची कळ चालू राहील, आणि वर उपाय संपल्याची खात्री झाल्याने ती जास्त बोचेल. म्हणून त्या ओपीडीत हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीला वेदनाशमनाचा डॉक्टर, चालण्याचा सराव करून घेणारा फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक पहिल्या दिवसापासून हवेत, आणि त्यांच्या जागा रिड्यूसरच्या खरेदीच्या त्याच आदेशात मंजूर व्हायला हव्यात.